माळकऱ्याची वाईन

“लागते कशी ही?” शेफालीने विचारलं.

“माहीत नाही,” स्टॉलमागचा तरुण म्हणाला.

आता पुण्यात विक्रेत्याने गिऱ्हाइकाला धड उत्तर द्यावं, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. पण हे उत्तर तुसडेपणाने दिलेलं नव्हतं. त्या उंच, सावळ्या तरुणाच्या चेहऱ्यावर खरोखरीचा खेद होता, एखाद्याने घरचा पत्ता विचारावा आणि आपल्यालाच तो आठवू नये तसा.

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. कोरेगाव पार्कातलं वाईनचं प्रदर्शन, झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा, आणि प्रत्येक स्टॉलवर कोणी ना कोणी मोठमोठे शब्द फेकत होतं. शेफालीला तिची मैत्रीण भाग्यश्री ओढून घेऊन आली होती. चार स्टॉलवर शब्दांचा मारा सोसून झाल्यावर हे साधं ‘माहीत नाही’ तिला एकदम आवडून गेलं.

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे मी प्यायलेलो नाही.”

“ही बाटली?”

“कुठलीच.” त्याने शर्टाची कॉलर जराशी बाजूला केली. गळ्यात तुळशीची माळ होती. “आम्ही माळकरी आहोत. पणजोबांपासून.”

शेफालीने माळेकडे पाहिलं. मग मांडलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. मग पुन्हा माळेकडे.

“आणि वाईन कोणाची?”

“आमचीच. सासवडच्या पुढे डोंगराच्या उतारावर मळा आहे आमचा. द्राक्षं आमची, टाक्या आमच्या, बाटल्याही आम्हीच भरतो.”

“तोंड तेवढं लोकांचं.”

“हो,” तो हसला. “तेवढं एक चांगलं मिळालं, की सगळं जमलं.”

हे तो सहज म्हणाला की मुद्दाम, हे शेफालीला पुढे कितीतरी वेळा त्याला विचारायचं होतं. तेव्हा मात्र तिने नुसता ग्लास पुढे केला.

तिची जीभ काही साधीसुधी नव्हती. फूड टेक्नॉलॉजी शिकून ती बिबवेवाडीतल्या एका एसेन्सच्या कंपनीत लागली होती. गुलाब, खस, वेलची, आंबा यांचे छोट्या बाटल्यांतले अर्क दिवसभर चाखायचे आणि कुठे काय कमी-जास्त झालंय ते सांगायचं, हे तिचं काम. कंपनीचे मालक दिगंबरकाका आल्यागेल्याला सांगत, “या मुलीच्या जिभेचा विमा उतरवणार आहे मी. चवीसाठी नाही, ती बोलते त्यापासून आम्हाला संरक्षण हवं म्हणून.”

शेफालीने घोट घेतला. डोळे मिटले.

“लहानपणी आवळा खाऊन वर पाणी प्यायला आहात?”

“रोज. शाळेच्या नळावर.”

“तसं आहे हे. आधी आंबट, मग तुरट... आणि गिळून झाल्यावर मागून हळूच गोड. वास पेरूचा. पण पिकलेल्या नाही हं. झाडावरून आत्ता तोडलाय, कडक आहे, त्याला दात लावल्यावर येतो ना, तो.” तिने डोळे उघडले. “आणि शेवटी ओल्या दगडासारखं काहीतरी.”

तो बघतच राहिला होता. वर्षभर ज्या द्राक्षांसाठी तो उन्हातान्हात खपला होता, त्यांची चव त्याला आज पहिल्यांदा कळत होती. आणि तीही एका अनोळखी मुलीच्या तोंडून.

“आमची जमीन सगळी खडकच आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “म्हणून तर हिचं नाव ‘कातळ’ ठेवलंय. आणखी?”

“आणखी काय? एका घोटात किती सांगू?”

“मग दुसरा घ्या.”

“मी चीजच्या स्टॉलवर आहे,” भाग्यश्री म्हणाली. “तुमचं चालू द्या.”

त्याने खिशातून पेन काढलं आणि तिची वाक्यं चक्क स्वतःच्या तळहातावर लिहून घेतली. “कागद नाही वाटतं?” तिने विचारलं. “कागद हरवतात,” तो म्हणाला, आणि मग तिचा फोन नंबरही त्याने तिथेच, आवळ्याच्या खाली, लिहून घेतला.

त्याचं नाव रणजित.

---

माळकऱ्यांनी वाईन का करावी, हा प्रश्न शेफालीलाही पडला होता. त्याचं उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं, पहिल्याच रविवारी.

जयसिंगराव, म्हणजे आबा, मूळचे लोणी काळभोरचे. चाळीस वर्षं त्यांनी खायची द्राक्षं पिकवली. मग तिथली जमीन रस्त्यात आणि प्लॉटांत गेली, आणि आलेल्या पैशांतून आबांनी सगळ्यांचा विरोध पत्करून हा डोंगराचा उतार घेतला. तिथे कुसळांशिवाय काही येत नव्हतं. रणजित शेतीचं शिकलेला. तो म्हणाला, या जमिनीत खायची द्राक्षं होणार नाहीत, वाईनची होतील. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, लाव.

“द्राक्ष पिकवायला काय पाप हाय?” आबांनी शेफालीला सांगितलं. “टाकीत गेल्यावर ते काय व्हतंय, ते त्याचं तो बघंल. आपण त्वांडाला लावायचं न्हाई.”

रणजितची आई प्रेमलाबाई तर वाईनचं नावही घेत नसत. ‘ते पाणी’ म्हणत. “ते पाणी बघून झालं की जेवायला ये गं,” असं त्या शेफालीला स्वयंपाकघरातून ओरडून सांगत.

मग ते ठरूनच गेलं. रविवारी सकाळी शेफाली कर्वेनगरहून स्कूटरवर निघायची, दिवे घाट चढून उतारावर पोचायची. टाकीच्या नळातून रणजित ग्लासात थोडी वाईन काढायचा, ती चाखायची, बोलायची आणि तो वहीत लिहायचा. टाकीजवळ थंडी असायची. ती शाल गुंडाळून स्टुलावर बसायची, तो समोर उभा. घोट तिचा आणि डोळे मिटलेले त्याचे, अशी गंमत होती.

“आज चिंचेचा कोवळा पाला आहे.”

“तो कधी खाल्लास तू? कर्वेनगरला?”

“आमच्या सोसायटीत चिंच आहे. आणि सोसायटीत पाटी आहे, ‘पाला तोडू नये’. म्हणून तर तो इतका आवडायचा.”

तो वास घ्यायचा. वास घ्यायला देवाची ना नाही, असा त्याने स्वतःच काढलेला नियम होता. ग्लास नाकाशी धरून तिच्या शब्दांचा माग काढत राहायचा. कधी सापडायचा, कधी नाही. सापडला की असा खूश व्हायचा की शेफालीला त्या एका चेहऱ्यासाठी आणखी चार शब्द शोधावेसे वाटायचे. ती दिवसभर बिबवेवाडीत बसून रविवारसाठी शब्द जमवू लागली. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या देठाचा वास घेऊन बघायची. लिंबाची साल नखाने खरवडायची. प्रेमात पडलेली माणसं काय काय करतात. ही भाजी हुंगत फिरत होती.

दुसऱ्या वर्षी, मार्चच्या एका सकाळी, वेलींच्या दोन ओळींमधून चालताना त्याने विचारलं, “शेफाली... वहीत माझी नोंद करायची तर काय सांगशील?”

“तुझी?”

“हो. चव.”

ती थांबली. मानेपासून कानापर्यंत गरम झाल्याचं तिला जाणवलं. “माळकऱ्याने असले प्रश्न विचारू नयेत.”

“माळ दारूसाठी असते,” तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला. “याच्यासाठी नसते.”

उतारावर वारा होता. पानं सळसळत होती, खाली दूरवर कोणीतरी पंप सुरू केला होता. त्यांच्यात एका वेलीचं अंतर होतं आणि ते त्याने ओलांडलं. नंतर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “लिही. आवळा. आधी तुरट, आणि मागून...”

“मागून?”

“ते पुढच्या रविवारी सांगेन.”

---

आबांना कळलं तेव्हा ते थोडा वेळ सुपारी कातरत बसले. प्रेमलाबाईंनी विचारलं, “आपल्या घरात यायचं तर माळ घालावी लागंल की तिला. मग ते पाणी कोण बघणार?”

आबा म्हणाले, “माळ घालायची का न्हाई ते तिचं ती ठरवंल. अगं, तिच्या जिभंवर तर आपलं घर चाललंय.”

हे रणजितने तिला सांगितलं तेव्हा शेफालीला रडू आलं. पणजोबांपासून चालत आलेली गोष्ट या माणसाने तिच्यासाठी सुपारी कातरता कातरता बाजूला ठेवली होती. आपण या माणसाला कधी दुखवायचं नाही, असं तिने त्या दिवशी मनाशी ठरवलं. चांगल्या मनाने ठरवलं होतं. सगळं बिघडलं ते तिथूनच.

तिसऱ्या वर्षी ‘कातळ’चं नाव झालं होतं. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलाने नव्या वर्षाची वाईन आपल्याकडे ठेवायची तयारी दाखवली होती. त्यांची माणसं चाखून बघणार आणि मग ठरवणार. काढणीच्या आठवड्यात रणजित बाटल्या बघायला नाशिकला गेला. परतताना शेफालीच्या हट्टाखातर दोन दिवस कर्वेनगरला थांबला. तिच्या आईबाबांना भेटायचं होतं. आबा फोनवर म्हणाले, “तू ये सावकाश. तोड मी बघतो.”

आबांनी बागेत जाऊन एक मणी तोंडात टाकला. द्राक्ष खायला माळेची आडकाठी नव्हती. मणी आंबट लागला. चाळीस वर्षं गोड द्राक्षं पिकवलेला माणूस तो. मणी आंबट लागला की हात आपोआप थांबायचा. “अजून गोडी भरली न्हाई,” ते गड्यांना म्हणाले, आणि त्यांनी तोड चार दिवस पुढे ढकलली. त्या चार दिवसांत ऊन कडक पडलं. गोडी भरली. पण पांढऱ्या वाईनचा जीव ज्या आंबटपणात असतो, तो निघून गेला.

रणजितला आल्याआल्या शंका आली. पण वडिलांना काय बोलणार? तपासणीचे आकडेही जरा इकडेतिकडे होते. त्याचा आकड्यांवर फारसा विश्वास नव्हता. “शेफाली सांगेलच,” तो म्हणाला.

जुलैतल्या एका रविवारी ती टाकीपाशी गेली, तर आबा तिथे आधीच येऊन उभे होते. इतक्या वर्षांत ते कधी टाकीच्या खोलीत आले नव्हते. धुतलेलं धोतर, हातात नारळ. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“पुढच्या रविवारी तुमच्या घरी येतूय, बोलणी करायला,” ते म्हणाले. “म्हटलं, आधी हितं नारळ फोडू.” रणजितने ग्लास भरून तिच्या हातात दिला. आबा एक पाऊल पुढे आले. “यंदाची तोड माझ्या हातची हाय. कशी झालीया, सूनबाई?”

सूनबाई. पहिल्यांदाच.

शेफालीने घोट घेतला. डोळे मिटले. आवळा नव्हता. पेरू नव्हता. ओला दगड नव्हता. नुसतं गोडसर, जड, सपाट काहीतरी जिभेवर पसरलं आणि तिथेच बसून राहिलं. तिने डोळे उघडले. समोर आबांचा चेहरा होता, निकाल लागायच्या दिवशी शाळेतल्या पोराचा असतो तसा.

“छान आहे,” ती म्हणाली.

आबांनी नारळ फोडला. रणजितने वहीत लिहिलं, छान आहे. तीन वर्षांत ती कधी दोन शब्दांवर थांबली नव्हती. हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यालाही तेच ऐकायचं होतं, आणि ज्याला हवं तेच ऐकायला मिळतं तो कशाला दुसरा प्रश्न विचारेल?

त्याला एकट्याला गाठून सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. उशीर झालेला नव्हता. बाटल्यांत भरायच्या आधी गेल्या वर्षीची उरलेली वाईन त्यात मिसळून तोल सावरता आला असता. पण तिला सोडायला तो तिच्या स्कूटरशेजारून घाटाच्या तोंडापर्यंत मोटरसायकलवर आला आणि वाटभर मोठ्याने गात होता. आज नको, उद्या फोनवर सांगू. उद्या फोनवर त्याने आबांनी नवीन कोट शिवायला टाकल्याचं सांगितलं. मग परवा. मग शुक्रवारी तो म्हणाला, “आज भरल्या बाटल्या. सगळ्या.”

बोलणी झाली. पेढे वाटले. सप्टेंबरात हॉटेलातून रणजितचा फोन आला. तो खाली पार्किंगमध्ये उभा होता.

“शेफाली... ते विचारत होते, ही तीच वाईन आहे का? तीन माणसांनी चाखली. तिघांनी ग्लास खाली ठेवले. मी काय सांगू? मला तर... मला तर माहीतच नाही ना.”

तेव्हा तिने सांगितलं.

फोनवर गाड्यांचे आवाज येत राहिले. मग तो म्हणाला, “मी तुझ्या तोंडाने चाखत होतो गं.” आणि फोन ठेवला.

आबा तिच्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ती उतारावर माफी मागायला गेली, तेव्हा ते ओट्यावर बसून तिच्याशी शांतपणे बोलले. “पोरी, चाळीस वर्षं बाग केली. दोनदा गारपिटीनं गेली. तवा मोडलो न्हाई. चुकलात म्हनून सांगितलं असतंस, तर चुकलो म्हनलो असतो. तू मला ल्हान पोर समजलीस...” प्रेमलाबाईंनी तिला जेवायला वाढलं. भाकरी नेहमीसारखीच मऊ होती, आणि तिला ती गिळवेना.

---

लग्न मोडलं नाही. नुसतं पुढे गेलं. आधी दिवाळीनंतर, मग पुढच्या काढणीनंतर.

शेफाली रविवारी जात राहिली. घोट घेत राहिली. “आज लिंबाची साल आहे,” ती म्हणायची, आणि रणजित लेखणी उचलून विचारायचा, “खरं ना?”

सुरुवातीला हसत विचारायचा. त्याच्या मनात डंख नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जखमेवरून हात फिरवून बघावा तसं ते होतं. पण मग त्या दोन शब्दांची त्याला सवय लागली. “निघालीस?” “हो.” “खरं ना?” “जेवलीस?” “हो.” “खरं ना?” ती प्रत्येक वेळी खरंच सांगत होती, आणि प्रत्येक वेळी खोटी पडत होती. चाखताना तिची जीभ घाबरू लागली. आहे त्यापेक्षा जास्त दोष ती सांगू लागली, म्हणजे निदान खोटं ठरायला नको.

कर्वेनगरच्या कॅनॉलच्या रस्त्यावर एका संध्याकाळी ते दोघं चालत होते. गुलमोहराखाली ती थांबली आणि तिने त्याचा हात धरला. खूप दिवसांत तिने असं काही केलं नव्हतं.

“रणजित, मला तू फार आवडतोस.”

“खरं ना?”

तोंडातून निघून गेलं. निघाल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. “शेफाली, मला तसं... सवयीने गेलं गं...”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

तिने त्याचा हात सोडला आणि घराकडे वळली. तो मागे येईल असं तिला वाटलं. आपण मागे गेलो तर ती आणखी दुखावेल, असं त्याला वाटलं. एकमेकांचं मन जपण्यात दोघंही असे पटाईत होते की त्यापायी दोघांनी एकमेकांना घालवलं.

---

त्याला दोन वर्षं झाली.

परवाची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले होते. बिबवेवाडीत शेफाली तिच्या टेबलापाशी वेलचीचे चार नमुने मांडून बसली होती, तेवढ्यात दिगंबरकाकांनी दारातून डोकं आत घातलं. “एक गृहस्थ आलेत. वाईनची बाटली घेऊन आलेत आणि गळ्यात माळ आहे. तुझ्याकडेच असणार.”

रणजित थोडा बारीक झाला होता. कानशिलाजवळ एक पांढरा केस होता. खांद्याला कापडी पिशवी. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि दोघांनी एकमेकांना पाणी हवंय का, असं एकदमच विचारलं.

“आबा कसे आहेत?”

“मधे अंथरुणाला खिळले होते. आता काठी घेऊन बागेत येतात. तोडीची तारीख मात्र मलाच ठरवू देतात.” तो हसला. पिशवीतून त्याने लेबल नसलेली बाटली काढली. “ही यंदाची. अजून टाकीतच आहे, त्यातली थोडी काढून आणली. नाशिकचे एक जण येतात चाखायला. हुशार आहेत. पण ते आकडे सांगतात. चव सांगत नाहीत.” मग जरा थांबून, “आबा म्हणाले, भरायच्या आधी शेफालीकडं घेऊन जा. ती आता खोटं बोलायची न्हाई.”

शेफालीने उठून नमुने चाखायचा काचेचा पेला धुतला, पुसला, पुन्हा धुतला. त्याने ओतली. तिने पेला नाकाशी नेला आणि दोन वर्षं तिने डोक्यात बंद करून ठेवलेला तो सगळा डोंगर समोर उभा राहिला. टाकीची थंडी, शाल, ‘ते पाणी बघून झालं की ये गं’...

तिने घोट घेतला. डोळे मिटले.

“आवळा आहे,” ती म्हणाली. “पेरू आहे, तोच, कडक. आणि या वेळी एक नवीन... कढीलिंबाचं पान चुरगाळल्यावर वास येतो तसं. आंबटपणा चांगला आहे, जिभेच्या कडेने पळतो. ओला दगड आहे.” तिने डोळे उघडले. तो डोळे मिटून ऐकत होता, पूर्वीसारखाच. “एकच सांगते. गिळल्यावर मागे राहते ती चव जरा लवकर संपते. आणखी महिनाभर टाकीत राहू दे.”

“बरं,” रणजित म्हणाला.

ती वाट बघत राहिली. ते दोन शब्द आता येतील, मग येतील. आले नाहीत. त्याने तिचं म्हणणं खिशातल्या वहीत लिहून घेतलं, वही मिटली, आणि बाटलीला बूच लावलं.

“महिनाभर ठेवतो,” तो म्हणाला. पिशवीत बाटली ठेवताना त्याचा हात रेंगाळला. “आणखी एक विचारायचं होतं... आबांनी एक मुलगी बघितली आहे. जेजुरीजवळची. सृष्टी नाव आहे तिचं. स्वभावाने चांगली आहे. आबांशी वाद घालते, गप्पा मारते. दोन वर्षांनी मी त्यांना हसताना बघितलं. रविवारी सुपारी फोडू म्हणतात.” तो थांबला. “मी अजून हो म्हटलेलं नाही.”

खिडकीबाहेर टेम्पो मागे घेत होते, कोणी तरी “येऊ दे, येऊ दे” म्हणून ओरडत होतं. शेफालीने वेलचीच्या बाटल्या सरळ रेषेत लावल्या.

“शेफाली,” तो म्हणाला, “तू सुखात आहेस ना? एवढंच सांग. तू सांगशील ते मी मानेन.”

तो काय विचारत होता, ते तिला पुरतं कळलं. नाही म्हणायचं होतं. नाही म्हटलं असतं, तर त्याने रविवारी सुपारी फोडू दिली नसती. शब्द जिभेवर होता. तिच्या जिभेला कधी शब्दांची वाण पडली नव्हती. पण त्याच क्षणी तिला आबा दिसले. काठी टेकून ओट्यावर बसलेले, दोन वर्षांनी हसणारे. आणि त्यांचं हसू दुसऱ्यांदा आपल्या हातून जाणार...

“हो,” ती म्हणाली. “छान आहे माझं.”

रणजितने तिच्याकडे पाहिलं. आता तरी विचार, ती मनातल्या मनात त्याला विनवत होती. ज्या दोन शब्दांपायी ती त्याला सोडून आली होती, ते त्याने आज एकदाच उच्चारले असते, तर ती टेबलावर डोकं ठेवून रडली असती आणि सगळं सांगून मोकळी झाली असती. विचार ना रे. एकदाच.

त्याने विचारलं नाही. दोन वर्षं तो स्वतःची ती सवय मोडत होता, फक्त तिच्यासाठी, आणि ती मोडली होती.

“बरं झालं,” तो म्हणाला. आवाज जरासा खाली गेला, पण त्याने तिचा शब्द मानला. “मग निघतो. काकांना नमस्कार सांग.”

तो जिना उतरला. खाली त्याची मोटरसायकल सुरू झाली, गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला, आणि मग बिबवेवाडीच्या नेहमीच्या गलक्यात तो आवाज मिसळून गेला. शेफालीने पेल्यात उरलेला घोट संपवला.

वाईन खरोखरच चांगली होती. निदान तेवढं तरी तिने त्याला खरं सांगितलं होतं.